वाचकांचे प्रश्न : दोन रेसच्या मधले चार आठवडे

प्रश्न (डोंबिवलीहून एक पालक) : मुलगा 17 वर्षांचा आहे, फॉर्म्युला गाडीतला (एकट्याने बसायची, उघड्या चाकांची रेसिंग गाडी) त्याचा पहिलाच हंगाम. रेस चेन्नई-कोइम्बतूरला होतात. मधले तीन-चार आठवडे गाडी नजरेलाही पडत नाही. घरी राहून काय करता येईल?

उत्तर : सुरुवात रेसच्याच संध्याकाळी करायला हवी. टीमने गाडीत नोंदला गेलेला डेटा दाखवण्याआधी त्याला वही घेऊन बसवा. प्रत्येक कॉर्नरला ब्रेक कशाच्या खुणेवर लावला, गिअर कोणता होता, गाडीचं नाक आत वळत नव्हतं की मागची बाजू सटकत होती, आणि हे शिरताना झालं, मध्यावर की बाहेर पडताना, एवढं लिहायचं. शेवटी टायरचं प्रेशर, थंड आणि गरम दोन्ही. आधी डेटा पाहिला तर मुलं डेटाच वहीत उतरवतात, स्वतःला काय जाणवलं ते हरवतं.

नंतर संघातल्या सर्वांत वेगवान ड्रायव्हरच्या लॅपच्या आलेखावर आपल्या लॅपचा आलेख ठेवून ब्रेकचा दाब, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) आणि कॉर्नरमधला किमान वेग पाहावा. नवखा ड्रायव्हर वेळ शोधतो तो ब्रेक उशिरा लावण्यात. जातो मात्र तो बहुधा ब्रेक सोडताना. पहिला दाब कमी पडतो, मग घाबरून मध्येच पुन्हा दाबला जातो, आणि आलेखावर दुसरा उंचवटा दिसतो. चार आठवड्यांसाठी असे दोनच कॉर्नर निवडा. सगळा ट्रॅक सुधारायला घेतला की काहीच सुधारत नाही.

सिम्युलेटर घेणार असाल तर स्टिअरिंगपेक्षा पेडलवर पैसे घाला. स्वस्त पेडल पाय किती सरकला ते मोजतं. रेसिंग गाडीचा ब्रेक सरकतो थोडा, काम करतो तो पायाच्या जोरावर, म्हणून लोड सेलचंच, म्हणजे जोर मोजणारं पेडल हवं. चाकाच्या ऑफिस-खुर्चीवर हा सराव होत नाही, जोरात ब्रेक दाबला की खुर्ची फरशीवरून मागे पळते. सीट आणि पेडल एकाच लोखंडी फ्रेमवर घट्ट बसवा. एका वेळी 20-25 मिनिटं पुरे, तीही एखादा हेतू ठरवून.

मानेचा व्यायाम सिम्युलेटरवर होत नाही. तळहाताने किंवा रबरी पट्ट्याने विरोध करून, डोकं न हलवता, पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना 20-20 सेकंद जोर लावायचा, प्रत्येकी तीन वेळा, आठवड्यातून तीन दिवस. हाताला मुंग्या आल्या तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवा. रेसच्या आधीचे तीन दिवस मानेला विश्रांती. शक्य असेल तर महिन्यातून एकदा कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंग करू द्या. मॉलमधल्या भाड्याच्या कार्टने हात मोकळा होतो, त्याहून फारसं काही नाही.

प्रश्न (घाटकोपर) : रेसच्या शेवटच्या पाच लॅपमध्ये डोकं जड होतं, गाडीतून उतरल्यावर हात थरथरतात. जिमला नियमित जातो. कमी काय पडतंय?

उत्तर : जिमला एसी आहे ना? बरेचदा गोम तिथेच असते. आतले नोमेक्सचे (आगीला दाद न देणाऱ्या धाग्याचे) कपडे, त्यावर थरांचा सूट, बॅलाक्लाव्हा (डोकं-तोंड झाकणारं टोपडं) आणि हेल्मेट. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. शरीराला उष्णतेची सवय लागायला 10 ते 14 दिवस लागतात. मुंबईचा दमटपणा इथे कामाला येतो, कारण चेन्नईची हवाही तशीच. रेसच्या दोन आठवडे आधीपासून रोज 45 ते 60 मिनिटं पंखा-एसी बंद करून मध्यम जोराने सायकल चालवा, पण घरात कोणीतरी असताना. गरगरलं तर तिथेच थांबायचं. आठवडाभर खंड पडला की कमावलेली सवय उतरायला लागते, म्हणून नंतरही दोन-तीन दिवसांआड एक फेरी हवी.

पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर करा. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. त्यासाठी पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यायचं, कारण थोडं लघवीवाटे जाणारच. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली तर लक्ष ढळायला लागतं, 65 किलोच्या माणसात ती 1.3 किलो भरते. नुसतं पाणी ढोसू नका, मीठही भरून निघायला हवं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा. ग्लासात अंदाजाने अर्धं पाकीट टाकलं की प्रमाण बिघडतं. रेसच्या तीन तास आधी वरणभात चालेल, वडापाव नको.

हात थरथरण्याचं आणखी एक कारण म्हणजे स्टिअरिंग आवळून धरणं. सरळ पट्ट्यावर बोटं सैल सोडा, श्वास सोडा. ब्रेक लावताना श्वास रोखून धरण्याची खोड अनेकांना असते. उतरल्यावर मात्र कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो थकवा समजू नका. सूट काढून थंड पाणी ओता, बर्फ लावा आणि वैद्यकीय पथकाला बोलवा.

प्रश्न (वरळी) : रात्री कोस्टल रोडवर गाडी चालवून सराव होतो का?

उत्तर : नाही. तिथे ना ब्रेकिंग पॉइंट, ना टायरची पकड संपेपर्यंत जाण्याची सोय. पावती मात्र मिळेल.

प्रश्न (माहीम) : रेसच्या आठवड्यात खोकला झाला. घरातलं कफ सिरप घेऊ का?

उत्तर : आधी बाटलीवरची घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते उत्तेजकविरोधी नियमांनुसार स्पर्धेत काय, एरवीही निषिद्ध आहे. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ 2019 मध्ये याच घटकामुळे आठ महिने निलंबित झाला होता. खोकल्याचं सिरप घेतल्याचं त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं, तरी शिक्षा झालीच. डॉक्टरांना स्पर्धक असल्याचं आधीच सांगा. झोप आणणारी सर्दीची गोळीही रेसआधी नको.

प्रश्न (वसई) : पावसाळ्यात रेसिंग सूटला कुबट वास येतो. लाँड्रीत टाकू का?

उत्तर : लेबल वाचल्याशिवाय नाही. साधारणपणे सूट उलटा करून, चेन आणि वेल्क्रो बंद करून, थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावा. ब्लीच धाग्याला मारक. सॉफ्टनर तर अजिबात नको, त्याचा मागे राहणारा थर पेट घेऊ शकतो. वाळत घालायचा तो सावलीत, पंख्याखाली. उन्हाने नोमेक्स कमकुवत होतं. पेट्रोल किंवा ऑइलचा डाग राहिलेला सूट घालू नये. हेल्मेट डिकीत बंद ठेवू नका, अस्तर काढून वाळवा. हेल्मेटची काच पुसायला कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे, थिनर लावला तर तिच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला बारीक भेगा पडतात.