नोकरी सोडू का?

"मॅडम, पन्नाशी आली. आता नाही तर कधी? पण घराचं काय?" नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून सारखा येतो. त्यातली ही एक गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

एक गृहस्थ, वय 48. नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला 22 वर्षं. निफाड तालुक्यात वडिलांची दीड एकर द्राक्षबाग, धाकटा भाऊ बघतो. वडील गेले, मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, आणि यांच्या डोक्यात बसलं की राजीनामा देऊन बागेत जायचं. सोबत दोनशे पानी वही होती, आकड्यांनी भरलेली.

वहीकडे बघण्याआधी मी झोप, भूक, दारू, मरणाचे विचार हे सगळं विचारून घेतलं. या वयातली प्रत्येक अस्वस्थता म्हणजे 'मिडलाइफ क्रायसिस', म्हणजे मध्यमवयातली घालमेल, नसते. कधी ते साधं नैराश्य असतं, आणि त्यावर उपचार असतात. मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी 1965 मध्ये 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द रूढ केला, तेव्हापासून तो फार सैल वापरला जातो. यांची झोप बरी होती. फक्त रात्री आठला मुलीच्या रिकाम्या खुर्चीसमोर जेवण जात नव्हतं.

"वही घरी दाखवलीत?"

"अजून नाही. उगाच टेन्शन नको म्हणून."

पुढच्या वेळी मी दोघांना बोलावलं. पत्नी एका पतसंस्थेत हिशेब बघते. तिने वही घेतली, चष्मा लावला आणि पेन्सिलीने खुणा करत गेली. ग्रॅच्युइटी यांनी अंदाजे आठ लाख धरली होती. तिने मांडलं: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 42,000, त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, मग 22 वर्षांनी. पाच लाख तेहेतीस हजार. "आणि कंपनीचा मेडिक्लेम? नोकरीबरोबर तो पण जातो. सासूबाईंची औषधं कशातून?" मग 2023 च्या नोव्हेंबरातली गारपीट. दिराची निम्मी बाग त्यात गेली होती. वहीत तो आकडाच नव्हता.

यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, आता ही नको म्हणणार. ती म्हणाली, "बागेचं मला जानेवारीपासून माहितीये. डिकीत छाटणीची कात्री आहे, रविवारी हातावर ओरखडे असतात. तुम्ही विचारलं असतं तर मी पहिल्यांदा हेच गणित करून दिलं असतं." आणि थोडं थांबून, "मला पण 47 पूर्ण झाली. मला काय करायचंय, हे कुणी विचारलं?"

खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. तिला मी 'घर' या शब्दात धरून टाकलं होतं.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते या वयात पुढच्यांसाठी काहीतरी उभं करण्याची ओढ लागते, ती दाबली की माणूस साचतो. यांची ओढ खोटी नव्हती. पण जोखीम दोघांची होती आणि निर्णय एकट्याचा चालला होता. मी अशांना नोकरी सोडू नका म्हणत नाही, सोडा असंही म्हणत नाही. आधी एक हंगाम करून बघा, एवढं म्हणते.

त्या दोघांनी ठरवलं ते असं: मुलीचं शेवटचं वर्ष होईपर्यंत राजीनामा नाही. ऑक्टोबरच्या गोड छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, रजा टाकायची, भावाबरोबर राबायचं. मेडिक्लेम आधी स्वतःचा काढायचा. बागेत किती पैसे घालायचे ती मर्यादा तिने लिहिली, खाली दोघांच्या सह्या. सहीचा आग्रह तिचा होता. पतसंस्थेची सवय, दुसरं काय.

छाटणीनंतर हे एकदाच आले, हात दाखवायला. मार्चमध्ये मात्र तिचा फोन आला, वेळ मागायला. एकटीच आली. मी सवयीने विचारलं, "मग, कसा गेला हंगाम?"

"ते त्यांना विचारा, ताई. मी माझं बोलायला आलेय."