सीव्ही नको, आधी एक शीट बनव

तुझा मेसेज वाचला. इंटर्नशिपसाठी मोठ्या लेबलांना, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्यांना, सीव्ही पाठवले आणि कुणाचंच उत्तर नाही, यात तुझं काही चुकलेलं नाहीये. सोनी, युनिव्हर्सल, सारेगामा, टिप्स यांच्याकडे असे मेल कायम येत असतात, आणि सगळ्यांत लिहिलेलं असतं की मला म्युझिक खूप आवडतं. ते तर सगळ्यांनाच आवडतं रे.

तू अंधेरी-वर्सोव्याकडचे छोटे स्टुडिओ, जिंगलवाले, आर्टिस्ट मॅनेजर, दोन-तीन माणसांची मराठी लेबलं बघ. तिथे माणसं कमी आणि कामं तुंबलेली असतात, आणि सगळ्यात जास्त तुंबतं ते गाण्यांच्या माहितीचं काम. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रेकॉर्डिंगचा म्हणजे मास्टरचा आणि दुसरा शब्द-चालीचा. रेकॉर्डिंगला त्याची ओळख म्हणून १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड लागतो, रिमिक्स किंवा लाइव्ह व्हर्जन केलं की नवीन कोड, आणि शब्द-चालीची नोंद आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, करावी लागते. २०१२ च्या कायदादुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणी लिहून घेऊ शकत नाही, पण गीतकाराचं नावच चुकीचं भरलं किंवा भरलंच नाही तर तो वाटा त्याच्यापर्यंत पोचायचा कसा? मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण घर त्या पैशावर चालणारी माणसं आहेत.

म्हणून तू ओळखीतल्या एखाद्या बँडची पाच गाणी घे आणि एक्सेलमध्ये गीतकार, संगीतकार, गायक, अरेंजर (वाद्यांची मांडणी करणारा), मास्टर कुणाचा, कोड काय, कुणाचा किती टक्के वाटा, सगळं त्यांना विचारून भर. मग त्यांची परवानगी घेऊन ती शीट मेलला जोड आणि वर चारच ओळी लिही, कुठल्या महिन्यापासून मोकळा आहेस ते धरून. फोन दुपारनंतर कर, स्टुडिओवाले रात्री उशिरापर्यंत जागे असतात.

स्टायपेंड विचारायला लाजू नकोस, निदान प्रवास आणि जेवण तरी सुटलं पाहिजे, मुंबईत राहणं सोपं नाही. इंटर्नशिपसाठी उलट तुझ्याकडेच कुणी पैसे मागितले तर सरळ निघून ये. आणि रिलीज न झालेल्या गाण्याचा तुकडासुद्धा मित्राला व्हॉट्सअॅप करायचा नाही, अगदी सख्ख्या भावालाही नाही, एकदा लीक झालं की परत कुणी दारात उभं करत नाही.

गणपतीपर्यंत काही जमलं नाही तर गावातल्या साउंडवाल्याबरोबर जा, केबल गुंडाळायला आणि साउंडचेकला हात लागतातच.

शीट झाली की आधी मला पाठव, मी चुका काढून देतो, मग दोन ठिकाणी तुझ्यासाठी बोलतो.