सी ड्राइव्ह अर्धा रिकामा, तरी अपडेट म्हणतं जागा नाही

फॉरमॅट करू नका. दुकानदाराने डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायला उद्या सीपीयू घेऊन यायला सांगितलंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सगळ्यात आधी.

तुम्ही सांगितलेलं थोडक्यात असं : बाबांचा घरचा डेस्कटॉप, विंडोज १०. मागच्या वर्षी जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं क्लोन करून ५०० जीबीची एसएसडी बसवली. सी ड्राइव्हमध्ये २०० जीबीच्या वर जागा मोकळी आहे. विंडोज ११ चं अपडेट डाउनलोड होतं, थोडं पुढे जातं आणि ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ असा इंग्रजी मेसेज देऊन थांबतं. कोडच्या शेवटी ०९२२ आहे. चार वेळा केलं, चारही वेळा हेच.

चारही वेळा हुबेहूब तेच झालं ही खरं तर जमेची बाजू आहे. नेटची किंवा लाइट गेल्याची भानगड असती तर दर वेळी गाडी वेगळ्या ठिकाणी अडली असती.

अडचण जागेचीच आहे, पण सी ड्राइव्हमधल्या जागेची नाही. विंडोज बसवताना डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा कप्पा वेगळा काढला जातो, ईएफआय पार्टिशन. मेसेजमधलं ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन’ म्हणजे हाच. मशीन सुरू होताना बायोस (मदरबोर्डवरचा, मशीन जागं करणारा प्रोग्रॅम) पहिल्यांदा तिथे जातं आणि विंडोजला उठवणाऱ्या फाइल तिथून उचलतं. हा कप्पा बहुतेक घरगुती मशीनवर फक्त १०० एमबीचा असतो. ‘धिस पीसी’मध्ये तो दिसत नाही, त्याला ड्राइव्हचं अक्षरही नसतं. तुम्ही क्लोन केलंत तेव्हा सी ड्राइव्ह नव्या डिस्कप्रमाणे मोठा झाला, हा कप्पा मात्र होता तेवढाच राहिला. त्यात विंडोजच्या फाइल आहेत, काही कंपन्यांच्या मशीनवर जुन्या बायोसची प्रत असते आणि काही अँटिव्हायरसही आपल्या फाइल तिथे टाकतात. नव्या विंडोजला स्वतःच्या फाइल ठेवायला तिथेच चार-दोन एमबी कमी पडतात आणि सगळं अपडेट माघारी फिरतं.

यात एक फसवी गोष्ट आहे. तुम्ही डिस्क मॅनेजमेंट (डिस्कचे कप्पे दाखवणारी विंडोजमधली सोय) उघडून पाहिलंत आणि तो कप्पा ‘१०० टक्के मोकळा’ दिसला, म्हणून ही शंका तुम्ही सोडून दिलीत. तिथे तो नेहमीच १०० टक्के मोकळा दिसतो, कारण डिस्क मॅनेजमेंटला त्याच्या आतलं वाचताच येत नाही. त्या आकड्यावर जाऊ नका.

आता उपाय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडे ‘डिस्क ०’ वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि व्हॉल्यूम्समध्ये पार्टिशन स्टाइल, म्हणजे डिस्कचे कप्पे कोणत्या पद्धतीने पाडलेत ते पाहा. ‘जीपीटी’ दिसलं तर पुढे वाचा. ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ दिसलं तर इथेच थांबा, त्याचा रस्ता वेगळा आहे आणि खालच्या कमांड तिथे चालणार नाहीत.

बाबांचे महत्त्वाचे फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर काढून घ्या. मग सर्चमध्ये सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) टाइप करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. कमांड मी इथे देवनागरीत सांगतोय, टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायच्या.

पहिली कमांड ‘माउंटव्हॉल’ (एम-ओ-यू-एन-टी-व्ही-ओ-एल, सलग). मग स्पेस, वाय आणि कोलन, परत स्पेस, स्लॅश आणि एस. त्या लपलेल्या कप्प्याला आता वाय हे अक्षर मिळालं. पुढच्या ओळीत नुसतं वाय कोलन टाइप करून एंटर दाबा, म्हणजे आपण त्याच्या आत गेलो. मग ‘सीडी’, स्पेस आणि पुढे ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स ही चार नावं याच क्रमाने, प्रत्येक दोघांमध्ये बॅकस्लॅश देऊन. एंटर दाबल्यावर डावीकडच्या ओळीत वाय ड्राइव्हपासून फॉन्ट्सपर्यंतचा पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. एक पायरी वर राहून फाइल उडवल्या तर मशीन सुरूच होणार नाही, म्हणून इथे दोनदा वाचा.

आता ‘डीआयआर’ टाइप करा. फाइलची यादी येईल आणि तिच्या तळाला मोकळ्या जागेचा खरा आकडा. तो लिहून ठेवा. हे फॉन्ट विंडोज सुरू होण्याआधीच्या स्क्रीनवर वेगवेगळ्या भाषांतली अक्षरं दाखवण्यापुरते असतात, चिनी, जपानी आणि कोरियनचे सगळ्यात जड. ते काढल्याने मशीनचं काही बिघडत नाही. मायक्रोसॉफ्टनेही या चुकीवर हाच उपाय दिलेला आहे. आता ते उडवायला टाइप करा ‘डीईएल’, स्पेस, तारा (*), टिंब, तारा. विचारल्यावर वाय दाबा. परत डीआयआर करून आकडा वाढलेला बघा आणि मशीन रिस्टार्ट करा.

अपडेट पुन्हा लावण्याआधी काही गोष्टी. बाहेरून बसवलेला अँटिव्हायरस असेल तर तो तात्पुरता काढून टाका. ऑफिसच्या कामाचं व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, ०९२२ तेवढ्यानेही येतो. आणि सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू दिसलं तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. अपडेटनंतर कधी कधी मशीन ती मागतं आणि नेमकी तेव्हाच ती सापडत नाही. माउस आणि कीबोर्ड सोडून प्रिंटर, वेबकॅम, बाकी सगळं काढा. इन्व्हर्टर चार्ज आहे ना, ते बघून मगच बसा.

मशीनची तारीख चुकल्यामुळे अपडेट अडत असेल, असंही एकाने तुम्हाला सुचवलंय. तुमच्या बाबतीत ते कारण वाटत नाही, पण जुन्या डेस्कटॉपवर ते खरंच असतं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा गोल सेल संपला की दर वेळी लाइट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग मशीनला सर्व्हरचं सर्टिफिकेट खोटं वाटतं आणि अपडेट तपासणीच्या टप्प्यावरच बंद पडतं, डाउनलोड सुरूच होत नाही. तुमचं डाउनलोड पूर्ण होतंय, म्हणून हा मुद्दा बाजूला ठेवा.

फॉरमॅटला इतका विरोध का, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकांचं मशीन असंच अपडेटवर अडलं होतं. मी डेटा कॉपी करून घेतला आणि फॉरमॅट मारला. फाइल सगळ्या परत मिळाल्या, पण एकही वाचता येईना. त्यांनी सोसायटीची इतिवृत्तं आणि आपल्या वडिलांच्या आठवणी युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते ती आताची पद्धत) आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर गेला आणि वर्डमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग उरली. फॉन्टची सीडी केव्हाच हरवलेली. तसाच फॉन्ट मिळवून ती पानं परत उघडायला मला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत काकांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. वयस्कर माणसाच्या मशीनवर ‘डेटा’ म्हणजे फक्त डॉक्युमेंट्सचा फोल्डर नसतो. तुमच्या बाबांनाही विचारा, मराठी कशात टाइप करता म्हणून. जुना फॉन्ट निघाला तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्याची प्रत आजच पेन ड्राइव्हवर घ्या, अपडेट होवो न होवो.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढचे सुरक्षा अपडेट हवे असतील तर नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेव्हा आज-उद्याची घाई नाही, रविवारी निवांत बसून करा. अपडेट झाल्यावर काही आवडलं नाही तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत १० वर येता येतं.

फॉन्ट काढण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे इथे लिहा. जागा वाढूनही अपडेट परत फिरलं तर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात लॉग्ज आणि त्यात सेटअपडायग नावाचा फोल्डर मिळेल. त्यातली रिझल्ट्सची फाइल नोटपॅडमध्ये उघडून तिच्या शेवटच्या दहा-बारा ओळी पाठवा. नेमकं कुठे अडलं ते त्यात बहुधा सापडेल, मग पुढचं बघू.