पोरगी इंग्लंडात रडते, मी इथून काय करू?

लेकी परदेशात असलेल्या आयांचं गाऱ्हाणं बहुधा एकच असतं: तिथल्या डॉक्टरला आपलं दुखणं कळत नाही. यवतमाळकडच्या एका मावशी कापूस वेचणीचा रोज बुडवून माझ्याकडे आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

“पोरगी बाळंतीन हाये, दोन महिने झाले. फोनवर निस्ती रडते. अंग तुटते म्हन्ते, छातीत धडधडते. रक्त तपासलं, सारं बरोबर निंगालं. तिथं ना शेक ना शेपा, काय होईन?”

शेक-शेपा मिळाल्या तर बरंच. पण लेकीला व्हिडिओ कॉल लावून मी वेगळंच विचारलं: दवाखान्यात तुझ्या वतीनं बोलतं कोण?

“हेच बोलतात.”

जावई भला माणूस. तरी ‘बाळाकडे पाहावंसं वाटत नाही’ हे नवऱ्याच्या तोंडून डॉक्टरला कोण सांगेल? त्यांनी सांगितलं अंगदुखी, थकवा. कागदावर तेवढंच चढलं. आपल्या बायकांचं मन आधी अंगातून बोलतं, आणि घरचाच दुभाषी ते अंगापाशीच थांबवतो. शेक-शेपांपेक्षा इथंच खरं अडतं, असं माझं मत.

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, दुभाषी फुकट मिळतो, बरेचदा फोनवर. आधी सांगून ठेवायचं: मराठी दुभाषी हवा, नवरा नको. बाई डॉक्टरही मागता येते. बाळंतिणीच्या घरी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणारी परिचारिका, येते, तिलाही हे सांगता येतं. बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी एडिनबर्गची १० प्रश्नांची चाचणी आहे, मागच्या ७ दिवसांबद्दल. ती नवऱ्यासमोर भरली तर काय उपयोग?

मावशी मध्येच म्हणाल्या, “येडी म्हनून लेकरू काढून घेतीन ना थे!”

ही भीती तिथं जन्मलेल्या बायकांनाही असते. उदासीवर मदत मागितली म्हणून बाळ काढून घेत नाहीत. तसं अगदी अपवादानंच होतं. मात्र स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार आले, भास झाले, तर भेटीची वाट पाहायची नाही, ९९९ हा तिथला तातडीचा नंबर लावायचा.

लेकीनं दुभाष्याची वेळ घेतली, स्वतः बोलली. समुपदेशन सुरू झालंय. रडणं कमी आहे, थांबलेलं नाही.

मावशींना एवढंच सांगितलं, फोनवर बाळाचं दूध-वजन नंतर विचारा, आधी ‘तू झोपली का’ म्हणा. त्यांची स्वतःची झोपही उडाली होती. त्यांना टेली-मानस या आपल्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, लिहून दिला. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.