नोटोरियस मिसळ आणि पाठ केलेले शब्द

प्रश्न: ताई नमस्कार, मी सिडकोत राहते, बीकॉम झालंय, बँकेच्या परीक्षांची तयारी चालू आहे. सहा महिने एका पुस्तकातून रोज 20 इंग्रजी शब्द मराठी अर्थासकट पाठ करतेय. परवा एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गावाबद्दल बोला म्हणाले तर मी म्हटलं, 'नाशिक इज नोटोरियस फॉर इट्स मिसळ', आणि समोरचे दोघं एकमेकांकडे बघायलाच लागले. पुस्तकात तर अर्थ 'प्रसिद्ध' असाच दिलाय! मग शब्द वाढवायचे तरी कसे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: अगं, तुझी मेहनत कुठेच कमी पडली नाही, त्या यादीने अर्धाच अर्थ दिला. नोटोरियस म्हणजे प्रसिद्ध खरंच, पण वाईट गोष्टीसाठी. द्वारका चौक ट्रॅफिकसाठी नोटोरियस आहे म्हटलं असतंस तर दोघांनी मान डोलावली असती. मराठीत आपण 'कुख्यात मिसळ' म्हणतो का? नाही ना, कारण कुख्यात हा शब्द लहानपणापासून गुंड, दरोडेखोर यांच्याच शेजारी वाचलाय, पाठ कोणी करून घेतला नव्हता. इंग्रजी शब्दालाही असाच शेजार असतो आणि तो यादीत दिसत नाही, वाक्यातच दिसतो.

तू नाशिकची, मग कांद्यापासूनच सुरू कर. लासलगावच्या बातम्या इंग्रजी पेपरात सारख्या येतात आणि विषय आधीच माहीत असल्यामुळे निम्मा अर्थ हातात असतो. मीच एक वाक्य करून देते: 'आफ्टर अ ग्लट ऑफ अनियन्स, प्रायसेस प्लमेटेड.' दोन्ही शब्द माहीत नसू देत, पण आवक भरमसाठ झाली की भावाचं काय होतं हे आपल्याकडे शाळकरी पोरगंही सांगेल. म्हणजे प्लमेट हे धाडकन कोसळणं, आणि ग्लट हे नुसतं भरपूर नाही, खपेल त्यापेक्षा जास्त माल बाजारात येणं. म्हणून आईच्या भरपूर मायेला ग्लट चालणार नाही.

आता व्होलटाइल बघ, मला फार आवडतो हा शब्द. कांद्याचे दर व्होलटाइल, आज एक उद्या दुसरा. केमिस्ट्रीत पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर व्होलटाइल, झाकण उघडं राहिलं की उडून जातं, आणि शब्दाचं लॅटिन मूळही उडण्याचंच आहे. गावात तणाव असला की सिच्युएशन व्होलटाइल, कधी भडकेल सांगता येत नाही. तीन ठिकाणी भेटला की धागा आपोआप कळतो. यादीत 'अस्थिर' एवढंच लिहिलेलं असतं, मग माणूस डुगडुगणाऱ्या टेबलालाही व्होलटाइल म्हणून बसतो, तिथे वॉबली लागतं.

वाचायला घेताना फार अवघड घेऊ नकोस. न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये हिशोब मांडला होता, मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे असले तर मदतीशिवाय वाचन जमतं, म्हणजे 50 शब्दांत एखादाच अनोळखी. इंग्रजी पेपर-कादंबऱ्यांसाठी त्यांचा आकडा 8 ते 9 हजार शब्दकुळांचा आहे, एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ. एवढं सगळं पाठ करून कधी होणार? पानभर वाचून प्रत्येक ओळीत अडखळायला झालं तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेव, दुसरं घे. आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे, तिथे जाऊन बस, कपाटं चाळ.

वहीत शब्द सुटा लिहू नकोस, भेटला ते अख्खं वाक्य उतरव, खाली स्वतःच्या घरातलं एक वाक्य कर. रोज 20 नको, तीन-चार पुरेत. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने तो शब्द झाकून वाक्य वाच, कारण शिकलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने विसरतं, हे जर्मनीच्या एबिंगहाउसने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय. तुमच्या परीक्षेतली क्लोज टेस्ट तरी दुसरं काय तपासते, रिकाम्या जागी शेजाऱ्यांशी कोणाचं जमतं हेच.

अंदाज मात्र कधीकधी फसतो. डिसइंटरेस्टेड वाचून कंटाळलेला वाटतो, पण जजबद्दल आला तर अर्थ निःपक्षपाती. म्हणून आधी अंदाज, मग इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी, आणि त्यातलं उदाहरण नक्की वाचायचं.

मिसळीला 'फेमस' अगदी पुरे होतं. वरचा शब्द हवाच असेल तर 'रिनाउन्ड', पण तो माझ्याकडून पाठ करून घेऊ नकोस, चार ठिकाणी कशाकशाच्या शेजारी येतो ते शोध आणि ती वाक्यं मला पाठव.