पुसा, सांगतो: आधी मौजा पाहा

ग्रामसेवक म्हणून मी ३३ वर्षं नोकरी केली. त्यातली १९ नागपूरच्या कडेकडेनं गेली, हिंगण्याकडे, उमरेड रोडला, कामठीकडे. आता त्या पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय म्हणतात. घरी मात्र मी अजून गिरामसेवकच. या महिन्यातली बरीचशी पत्रं शहराच्या बाहेरच्या पट्ट्याबद्दलची निघाली. बाकीच्यांनी थोडी कळ काढावी.

"आम्ही दारव्हा तालुक्यातले. पोरगा बुटीबोरीला कंपनीत लागला. त्याच्यासाठी नागपूरबाहेर दीड हजार फुटांचा प्लॉट पाहून ठेवला. विकणारा म्हणते, नमुना आठ आहे, घरटॅक्स चालू आहे, टेन्शन घेऊ नका. कापूस विकून इसार द्यायचा आहे. देऊ काय?"

भाऊ, कापूस विका, पण इसार थांबवा.

तुम्ही फसताय ते 'आठ' या आकड्यामुळे. तुमच्याकडे तलाठी 'आठ-अ' देतो. त्यावर तुमच्या नावाची त्या गावातली सगळी जमीन येते. तो महसूल खात्याचा कागद आहे आणि त्याला वजन आहे. हा माणूस दाखवतोय तो ग्रामपंचायतीचा 'नमुना आठ'. म्हणजे करआकारणीची वही: घर कोणाच्या ताब्यात आहे, किती फुटांचं आहे, कर किती बसतो. जमीन कोणाची आहे, ते त्या वहीला ठाऊकच नसते.

हे मी छातीठोक सांगतो, कारण असे उतारे मी स्वतः शेकड्यांनी दिले आहेत. भिंत उभी राहिली की कर लावायचा, मग खालची जमीन शेतीची असो की कशाचीही. पंचायतीला पैसा लागायचा. नुसत्या गावठाणाच्या घरपट्टीत खांबावरचे दिवेसुद्धा जळत नसत. लेआऊटवाला पन्नास लोक घेऊन यायचा, सरपंच खूश, मीही खूश. उताऱ्याच्या तळाशी शिक्का मारायचो, 'फक्त करआकारणीसाठी'. एकदा बाजाराच्या दिवशी एक बाई तोच उतारा घेऊन आली, पण तिच्या झेरॉक्सवर शिक्काच नव्हता. विकणाऱ्यानं कागद खालून दोन बोटं दुमडून झेरॉक्स काढली होती. त्या दिवसापासून मी शिक्का मधोमध, नावावरच मारू लागलो. लोक चिडायचे, 'सायेब, नाव वाचता येत नाही' म्हणून. पण त्या बाईचे पैसे काही मी परत आणून देऊ शकलो नाही.

आता तुम्ही काय करायचं? विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: मौजा (म्हणजे महसुली कागदावरचं गावाचं नाव), खसरा नंबर आणि पटवारी हलका (म्हणजे तलाठ्याचा साजा) नंबर. तुमच्या वऱ्हाडात गट नंबर म्हणतात, सर्व्हे नंबर म्हणतात. नागपूरकडे खसरा, आणि तलाठ्याला म्हातारी माणसं अजून पटवारीच म्हणतात. लेआऊटचं नाव काहीही असू शकते. साईनगर तर दर तालुक्यात दहा सापडतील. मौजा मात्र एकच राहते.

त्या खसऱ्याचा सातबारा काढा. त्यावर नाव विकणाऱ्याचं आहे की दुसऱ्याच कोणाचं? जमीन बिगरशेती झाली आहे का? झाली असेल तर आदेशाची नक्कल मागा आणि त्यासोबत मंजूर नकाशा. शहराबाहेरची ७१९ गावं नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, म्हणजे एनएमआरडीएत येतात. गावठाणाबाहेर तिथं नकाशा मंजूर करण्याचा अधिकार त्यांचा, सरपंचाचा नाही. 'ग्रामपंचायत सँक्शन लेआऊट' असं बोर्डावर रंगवलेलं दिसलं की तिथूनच परत फिरा.

विकणारा 'आरएल होऊन जाईल' असंही म्हणेल. आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. त्याच्यामागे २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, मंजुरीशिवाय पाडलेल्या लहान प्लॉटांसाठीचा. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचेच प्लॉट त्यात बसायचे, २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तुमचा लेआऊट त्यानंतर पडला असेल तर 'होऊन जाईल' या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायच्या बंदीतही, अलीकडे सवलती निघाल्या आहेत, पण तुकडा चालला म्हणजे नकाशा मंजूर झाला असं नसते. आणि रजिस्ट्री झाली म्हणून मालकी पक्की, हा आणखी एक गैरसमज. तिथं दस्त नोंदवतात, जमिनीची कुंडली मांडत नाहीत.

एक बिनकागदी गोष्ट: पोराला जुलैच्या पावसात तिथं एक तास उभं राहायला सांगा. नाला कुठून येतो हे मंजूर नकाशापेक्षा त्याला लवकर कळेल.

"आमची ग्रामपंचायत नगरपंचायत होणार अशी चर्चा आहे. काही जण फटाके आणून बसले आहेत, काही जण घरटॅक्सच्या धास्तीनं घाबरले आहेत. नेमकं काय बदलते?" (एक शिक्षिका, हिंगणा तालुका)

ताई, आधी हे तपासा की नुसती चर्चा आहे की प्राथमिक अधिसूचना निघाली आहे. साधारण दहा ते पंचवीस हजार वस्तीचं, शेतीवरून दुसऱ्या धंद्याकडे सरकलेलं गाव नगरपंचायतीला धरतात. कायदा १९६५ चा. अधिसूचना निघाल्यावर हरकती घ्यायला किमान तीस दिवस मिळतात आणि हरकत लेखी द्यावी लागते, जिल्हाधिकाऱ्यांकडे. हे दिवस गावात कोणाला कळत नाहीत. कागद पंचायतीच्या फळ्यावर लागतो आणि त्यावर दुसऱ्या दिवशी पोलिओ डोसाचं पोस्टर चिकटते.

अंतिम अधिसूचना निघाली की सरपंच आणि सदस्य गेले. निवडणूक होईपर्यंत प्रशासक बसतो, बहुतेक वेळा तहसीलदारच. त्याच्याकडे आधीच निम्म्या तालुक्याचा भार असतो, त्यामुळे दाखल्याला वेळ लागेल, हे धरून चाला. मग १७ प्रभाग, १७ नगरसेवक, नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला तुमचं मत राहत नाही. घरकुलाच्या ग्रामीण यादीत ज्यांची नावं आहेत, त्यांना शहरी योजनेकडे वळावं लागते. अशांची यादी आत्ताच करून ठेवा, कारण हेच लोक सगळ्यात उशिरा कार्यालयात येतात.

घरटॅक्स वाढतो, हे खोटं सांगणार नाही. पण एका रात्रीत दहापट होत नाही, चहाच्या टपरीवर सांगतात तसा. फेरआकारणी होते, नोटीस येते, तिच्यावरही हरकत घेता येते.

मला विचाराल तर खरं नुकसान ग्रामसभेचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी झाडाखाली सतरंजी टाकून आम्ही बसायचो. अर्धा वेळ भांडणात जायचा, हे कबूल. पण त्याच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, असा कायदाच आहे. एका गावात त्या सभेत एका म्हातारीनं मला विचारलं, 'टाकी बांधली, पाणी काहून नाही चढत?' टाकीची उंची विहिरीच्या मोटारीच्या ताकदीपेक्षा जास्त होती. अभियंत्यानं मोजलं नव्हतं, तिनं डोळ्यानं मोजलं. नगरपंचायतीच्या सभेत ठराव नगरसेवक मांडतो. म्हातारीला गॅलरीत बसून ऐकता येईल फार तर.

तरी माझं मत नगरपंचायतीच्या बाजूनं आहे, वाचकांनी रागावू नये. पंधरा हजार लोकांची सांडपाण्याची व्यवस्था एक ग्रामसेवक आणि दोन सफाई कामगार करू शकत नाहीत. मी करून पाहिली आहे.

"शाळेच्या प्रकल्पासाठी: नागपूरची उपनगरं कशी वाढली?" (इयत्ता नववी, कुही तालुका)

बेटा, नागपूर स्वतःच गावांच्या मोळीतून झालं आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानं १७०२ च्या सुमाराला बारा वाड्या एकत्र करून शहर वसवलं. त्यांना 'राजापूर बारसा' म्हणत. सक्करदरा, लेंड्रा, फुटाळा, सीताबर्डी ही त्यातलीच नावं. आज तिथं मॉल आणि ट्रॅफिक आहे, तेव्हा जोंधळा होता.

नगरपालिका १८६४ ची, रेल्वे १८६७ ची, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३६ चा आणि महापालिका १९५१ ची. त्याच १९५१ मध्ये, ३१ मार्चला, मालगुजारी संपली. हा मुद्दा तुझ्या वर्गात दुसरं कोणीच लिहिणार नाही, म्हणून तू लिही. नागपूरकडे गावाचा मालगुजार असायचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा गावमालक. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. म्हणून इथल्या कागदात मौजा, खसरा, आबादी हे शब्द आहेत. आबादी म्हणजे गावठाण. शहर पुढे सरकत गेलं तशी हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावं २०१३ मध्ये महापालिकेत गेली. दस्तावर मात्र अजूनही 'मौजा हुडकेश्वर' असंच लिहितात.

नकाशा काढशील तर नद्याही काढ. नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांतून निघते, शहरातून पूर्वेला जाते, पुढे कन्हानमार्गे वैनगंगेत. हिंगण्याची वेणा तिथून फार लांब नाही, पण ती दक्षिणेकडे वर्धा नदीला मिळते. म्हणजे एकाच पट्ट्यातल्या दोन छपरांचं पाणी दोन वाटांनी जाते. वर्धा आणि वैनगंगा पुढे गडचिरोलीकडे भेटतात, तिथून प्राणहिता. पश्चिमेकडे काळा पाषाण आणि कापूस-संत्रा, तुमच्या कुहीकडे धान. सर, मॅडम खूश होतील.

"आमच्या गावाचा आखर (गुरं जमायची जागा) आणि वावरात जायची पांदण लेआऊटवाल्यानं तारा ओढून बंद केली. म्हणतो, सातबाऱ्यावर रस्ता दाखवा. सातबाऱ्यावर नाही. काय करावं?"

सातबाऱ्यावर नसणारच. तुम्ही चुकीच्या कागदात शोधताय.

गावाचे हक्क दोन जुन्या कागदांत लिहून ठेवले आहेत. एक निस्तार पत्रक: गुरं कुठं चरतील, लाकूडफाटा, माती, मुरूम कुठून आणायचा, जनावरं कुठं जमवायची, मसणवट कुठे. दुसरा वाजिब-उल-अर्ज: रस्ता, पाणी, मासेमारी, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर गावाची जी वहिवाट आहे ती. दोन्ही १९६६ च्या महसूल कायद्यात आहेत, कलम १६१ आणि १६५. विदर्भातल्या आपल्याच लोकांना हे ठाऊक नसते आणि पुण्याकडून आलेला अधिकारी 'वाजिब काय?' म्हणून विचारतो.

माझ्या एका गावी हेच झालं होतं. तारा, गेट, चौकीदार. पांदणीच्या तोंडाशी म्हातारा बंडी सोडून बसला, बैल उलटे फिरवायलाही जागा नाही. आम्ही वाजिब-उल-अर्जची नक्कल काढली. पिवळा कागद, मोडीसारखी लपेटी असलेली देवनागरी, आणि त्यात एक ओळ: अमुक खसऱ्याच्या धुऱ्यानं बंडीवाट. तहसीलदारांपुढे ती ओळ वाचून दाखवायला मला दोन तारखा लागल्या. वाट निघाली, पण बंडी जाईल तेवढीच. ट्रॅक्टरवाले आजही मला शिव्या देतात.

आखराची जागा सरकारी असेल आणि सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' नोंद असेल, तर लेआऊटवाला अजूनच अडकला. झुडपी जंगल हे वनच, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलं आहे. १२ डिसेंबर १९९६ आधी वाटप झालेल्या जागांसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली आहे, पण कालच्या तारांसाठी नाही.

तर तुम्ही असं करा: मौजाचं नाव आणि खसरा लिहून तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन्ही कागदांच्या नकलांचा अर्ज द्या, पोच घ्या. जुना नकाशाही मागा, पांदण त्यावर तुटक रेघेनं दाखवलेली असते. तीन चकरा होतील. सोबत गावातला एखादा म्हातारा न्या. धुरे कोणाचे होते हे त्याला कागदाआधी आठवते, आणि नक्कल शोधणाऱ्या बाबूलाही त्याच्याशी गप्पा मारायला आवडते.