500 न्यूटनला 50 किलो धरू नका

'ड्रॉइंगवर 500 न्यूटन आहे, माझा स्प्रिंग टेस्टर किलोत दाखवतो, 50 धरले तर चालेल का?' हे तुमचं वाचलं आणि भोसरीतलं आमचं जुनं शेड आठवलं. नका धरू. आम्ही धरले होते.

वजन आणि वस्तुमानाचा धडा तुम्हाला ठाऊक असेलच, तो सोडतो. आमचंही ड्रॉइंग 500 न्यूटनचंच होतं, अधिक-उणे 5 टक्के, म्हणजे 475 ते 525. मी सरळ दहाने भागलं आणि टेस्टरवर खडूने 47.5 ते 52.5 लिहिलं. भागायचं होतं 9.80665 ने, कारण टेस्टरवरचा एक किलो म्हणजे इतके न्यूटन बळ; म्हणजे 48.44 ते 53.53. फरक दोनच टक्क्यांचा, पण सूटच पाच टक्के असेल तर दोन टक्के थोडे नाहीत. खालच्या टोकाच्या स्प्रिंगा आम्ही पास केल्या, त्या चाकणला ग्राहकाकडे रिजेक्ट झाल्या. वरच्या टोकाच्या चांगल्या होत्या, त्या आम्हीच भंगारात घातल्या! वर डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी.

चूक माझीच. पण त्या वेळी टेस्टर तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या कॅलिब्रेशनवाल्यांनी जो ताप दिला तो विसरत नाही. ग्राहकाला सर्टिफिकेट न्यूटनमध्ये हवं होतं, यांचं किलोत. तीन चकरा मारल्या. 'फॉरमॅट ठरलेला आहे.' बरं, हा किलो म्हणजे किलोग्रॅम-फोर्स, वस्तुमान नव्हे तर बळ, एवढं तरी लिहून द्या म्हटलं, तर साहेब जेवायला गेलेले. नाव घेत नाही.

माझं मत विचाराल तर शेडमध्ये दोन एककं ठेवूच नयेत. टेस्टरला न्यूटनचा मोड असेल तर तोच लावा, किलोचं बटण टेप मारून बंद करा. मी साधा डिप्लोमावाला, मापनशास्त्रातला तज्ज्ञ नाही. ब्रेकबिकचा पार्ट असेल तर ग्राहकाकडून लेखी घ्या.

वजनं टांगून टेस्टर तपासणार असाल तर अजून एक. 9.80665 हा गुरुत्व त्वरणाचा 1901 साली ठरवलेला प्रमाण आकडा. पुण्यात ते 9.78 च्या आसपास, त्यामुळे 50 किलोचं वजन इथे 490 ऐवजी साधारण 489 न्यूटनच ओढतं. सूट 5 टक्के असेल तर ते खपून जाईल.

आणि पाउंडातलं ड्रॉइंग आलं तर किलोच्या वाटेने जाऊ नका, थेट 4.448 ने गुणा, न्यूटन मिळतील. आमच्या पोराने एकदा 0.4536 ने, म्हणजे पाउंडाचे किलो करायच्या आकड्याने, गुणून पुढे न्यूटन लिहिलं होतं. सुदैवाने ते कोटेशनच होतं.